रुसलेल्या भावाची जबानी

माझं लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याबद्दल गावात कुणी फारसं विचारलं नाही. मुलगा गेवराईकडचा आहे, घरचं रान आहे, बास. त्यानंतर प्रत्येकाचा एकच प्रश्न, "फौजी येणार हाय ना?"

फौजी म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. तेलगावच्या पुढे आत वळलं की आमचं गाव, सगळं कापूस आणि ऊस. गावातून फौजेत गेलेले बरेच आहेत, पण खरोखरीच्या चकमकीत बंदूक चालवून आलेला आमच्या माहितीत तो एकटा. लग्नाच्या आधी काही महिने सरहद्दीकडच्या मुलखात त्याच्या तुकडीची चकमक झाली होती. तीन दुश्मन मारले गेले अशी बातमी आमच्या वडिलांच्या मोबाइलवर आली आणि त्या दिवसापासून तो मोबाइल त्यांच्या हातात कमी आणि दुसऱ्यांच्या डोळ्यांपुढे जास्त असायचा. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबा एकदा सरपंच झाले होते, आणि तेव्हापासून माइक दिसला की त्यांचा हात आपोआप पुढे जातो. दादा त्यांच्या अगदी उलट. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनं विकत नाही म्हणतात, ते आमच्या घरात एकाच ताटात जेवायचं.

आणि मी? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी आमच्याकडे नवरी. माझ्या अंगात तेव्हा काय संचारलं होतं विचारू नका. पण खरं सांगते, ती धांदल नवऱ्यासाठी नव्हती. त्याला मी दोनदाच पाहिलं होतं. मला घाई होती ती दादाला माझ्या लग्नात उभं बघायची. आमच्याकडे नवरीच्या भावाला लग्नात दोन मान असतात. होमापुढे तो बहिणीच्या ओंजळीत साळीच्या लाह्या टाकतो, म्हणजे मी तुझ्या पाठीशी आहे असं अग्नीपुढे कबूल करतो. आणि मग नवरदेवाचा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून. कान पिळताना भाऊ जे मागेल ते नवरदेवाला द्यावं लागतं. लहानपणापासून मी त्याला सांगत आले होते, दादा, माझ्या नवऱ्याचा कान असा पिळ की त्याला आठवडाभर त्या कुशीवर झोपता आलं नाही पाहिजे. तो हसून म्हणायचा, आधी त्याला बघू तर दे.

तो आला त्या दिवशी आबांनी फाट्यावर हलगी ठेवली होती, उघडी जीप ठेवली होती, आणि जीपला इतकी झेंडूची फुलं लावली होती की ड्रायव्हरला पुढचं दिसेना. मी माळवदावर उभी राहून बघत होते. हलगीचा आवाज जवळ येत गेला तशी मी पुढे वाकले. जीप आली. जीपमध्ये आबा एकटेच उभे होते, हात हलवत. दादा मागे हलगीवाल्यांच्या बरोबरीनं खांद्यावर बॅग टाकून चालत येत होता. मला तेव्हा हसूच आलं. म्हटलं, हा माणूस काही बदलायचा नाही.

घरात आला, मायच्या पाया पडला, जेवला. मायनं विचारलं, वाळलास कावून रे? म्हणाला, ऊन लई हाय तिकडं. सरहद्दीकडे जिथे तो होता तिथे थंडी असते हे मला माहीत होतं, पण लग्नघरात कुणाला इतकं ऐकायला वेळ असतो.

हळदीच्या दिवशी सकाळी पाटोद्याहून मामा आले. मामा म्हणजे मानपानातले वकील. कुणाला टोपी, कुणाला टॉवेल, कुणाला नुसता नारळ, कुणाला फेटा नाही बांधला तर तो जेवण सोडून मोटारसायकलला किक मारेल, हे सगळं त्यांना पाठ. ओसरीवर बसून त्यांनी कामं वाटायला सुरुवात केली. लाह्यांचा आणि कानपिळीचा मान आला तेव्हा त्यांनी विचारलंसुद्धा नाही, नुसतं म्हणाले, "लाह्या आन कान, फौजी."

दादा खांबाला टेकून उभा होता. म्हणाला, "मला नको मामा. चुलत्याच्या पोराला उभा करा. माझ्या हातानं नको."

आता गंमत बघा. तो बोलला होता 'माझ्या हातानं नको'. पण तिथल्या दहा-पंधरा माणसांपैकी एकाच्याही कानात तो हात शिरला नाही. सगळ्यांनी फक्त 'नको' ऐकलं. आणि आमच्याकडे लग्नघरात भाऊ 'नको' म्हणाला तर त्याचा अर्थ एकच, गडी रुसला. दुसरा अर्थ आमच्या मुलखात अजून कुणी काढलेला नाही.

मग रुसव्याचा तपास सुरू झाला. मामांनी चष्मा लावून लग्नपत्रिका तपासली. फौजीचं नाव चुलतभावाच्या खाली छापलंय, हे बगा, हितंच माशी शिंकली. चुलते बिचारे हात जोडत दादापुढे गेले, "बाबा, छापणाऱ्याची चूक हाय, पोटात ठिवू नको." दादा म्हणाला, "काका, पत्रिकेचं काय न्हाई वो." हे ऐकून मामांनी मान हलवली. म्हणजे पत्रिकेचंच आहे. सुपारी फुटली तेव्हा फौजीला फोनवर घेतलं नव्हतं, हे मावशीला आठवलं. फेट्याचा रंग त्याला पसंत नसेल, असं करवलीचं मत पडलं. दुपारपर्यंत त्याच्यासाठी बीडहून नवा फेटा मागवला गेला, आहेराचे कपडे बदलून भारीतले आणले गेले, आणि नवरदेवाकडून कानपिळीत अंगठी निघेल असा निरोपही तिकडून आला. जितका मान वाढत गेला तितका दादा गप्प होत गेला, आणि जितका तो गप्प झाला तितका मामांनी मान वाढवला.

शेवटी आबांनी सगळ्यांवर कडी केली. म्हणाले, "उद्या मंडपात अक्षता पडायच्या आधी फौजीचा सत्कार. शाल, नारळ, तलवार. म्या स्वतः बोलणार. तीन दुश्मन लोळवले माझ्या वाघानं, हे सोयऱ्यांना कळलं पायजे."

दादानं त्यांच्याकडे पाहिलं आणि रानाकडे निघून गेला.

मला राग आला. माझं लग्न, आणि हा घुम्यासारखा जाऊन बसणार? हळद लागलेल्या नवरीनं उंबरा ओलांडायचा नसतो. मी ओलांडला. मायनं भुताखेतांची भीती म्हणून हातात दिलेला अडकित्ता तेवढा सोबत घेतला, आणि पिवळी जर्द अशी तरातरा गोठ्याकडे निघाले. दिवस मावळतीला आला होता. दादा गोठ्याच्या कट्ट्यावर बसला होता.

"तुला काय पायजे ते सांग एकदाचं," मी म्हणाले. "फेटा पायजे का अंगठी पायजे? का नवरा पसंत न्हाई तुला? न्हाई म्हण, मी लगीन मोडते."

"गप ग," तो म्हणाला. आणि मग हसला, आणि ते हसू तिथंच मोडलं. "बस हितं."

मी बसले. त्यानं सगळं एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही. रात्री त्यांच्या तुकडीनं एका वस्तीला वेढा घातला होता. दोन बंदूकवाले आत आहेत ही खबर खरी होती. गोळीबार झाला, त्याच्या शेजारच्या जवानाच्या मांडीत गोळी घुसली. ते दोघं बंदूकवाले पलीकडच्या अंगाला मारले गेले. उजाडायला लागलं होतं. दादा एका घराच्या मागच्या बाजूला होता. तिथे चाऱ्याची गंज होती, आणि गंजीमागून एक माणूस बाहेर आला. दादानं आवाज दिला. माणसानं दचकून हात वर केला. त्या हातात विळा होता.

"गोठ्यात गाय हंबरत व्हती," दादा म्हणाला. "रातभर गोळ्या चालल्या, वैरण कोण टाकणार? गडी तेवढ्यासाठी भाइर निघालता."

माझ्या हातात अडकित्ता होता, तो मी पदरात लपवला.

"आता चौकशी लागलीय," तो म्हणाला. "सुट्टी संपली की माझी जबानी हाय. साहेबानं सांगितलं, जे बगितलं ते सांग, तुझ्यावर कुणाचा दाब न्हाई. आन खरंच न्हाई. पण सोबतची पोरं म्हणतेत, येड्या, 'मला बंदूक वाटली' एवढंच म्हण. उजेड कमी व्हता, गोळीबार चालूच व्हता, चूक झाली. कायद्यात वाटण्याला जागा हाय. खरंच वाटलं आसंल तर गुन्हा न्हाई."

"मग म्हण की," मी म्हणाले. माझा आवाज चढला. "त्येच खरं हाय. अंधारात कुणाला काय दिसतंय? तू काय मुद्दाम केलंस का? म्हण वाटली म्हणून. नोकरी हाय, पेन्शन हाय, पुढच्या साली तुझं लगीन हाय. तुझ्या बाजूला पडलेल्या जवानाचं रक्त त्यांना दिसत न्हाई का?"

"वाटलंच न्हाई ना मला. मला दिसलं."

"एवढ्या लांबून?"

मी मात्र भांडतच होते. अंधार, घाई, भीती, जे तोंडाला येईल ते त्याच्यापुढे मांडत होते, आणि बोलता बोलता बांधाकडे बघत होते. लांबून कुणीतरी डोक्यावर भारा घेऊन येत होतं. उजेड इतका उतरला होता की बाई आहे की गडी, तेही कळत नव्हतं. तोंड दिसत नव्हतं. लुगडं आहे की धोतर, दिसत नव्हतं. पण खाली लोंबणाऱ्या हातात विळा आहे, हे मला दिसलं. विळा उजव्या हातात आहे आणि त्याचं टोक आत वळलेलं आहे, हेसुद्धा दिसलं. बऱ्याच वेळानं ती माय आहे हे कळलं.

मी बोलायची थांबले. दादा माझ्याकडेच बघत होता. मी काय पाहिलं ते त्याला समजलं असावं.

"शहरातलं पोरगं आसतं तर म्हणलं आसतं बंदूक वाटली," तो हळू म्हणाला. "आन त्याचं खरं बी आसतं. मी कुणब्याचा हाय. मला इळा कळला न्हाई, हे मी कुणाला सांगू? मला कळला. आन तरी, सोबत्याला लागलं व्हतं, अंगात आग व्हती, म्हणलं आसू दे, आन गोळी घातली. त्या 'आसू दे'ची जबानी द्यायचीय मला."

मला रडू कोसळलं. हळद गालावरून ओघळायला लागली. मी विचारलं, मग लाह्यांचं काय? लाह्यांनी काय घोडं मारलंय तुझं?

"लाह्या टाकायच्या म्हणजे पाठीशी हाय असं म्हणायचं. मी जबानी दिली की नोकरी जाईल, खटला व्हईल, कुठं टाकतील ते ठाऊक न्हाई. तुझ्या घरी कुणी विचारलं भाऊ कुठंय, तर काय सांगशील? आगीपुढं खोटं बोलू का? आन ह्या हातानं..." त्यानं हात पुढे केले आणि परत मांडीवर ठेवले. "हे दुसऱ्याकडून करून घे. आन लगीन होईस्तवर कुणाला बोलू नको."

माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळला असेल. मी डोळे पुसले आणि म्हणाले, "दुसऱ्या कुणी लाह्या आणल्या तर मी ओंजळ उघडणार न्हाई. मग बस तू." आणि मायला दिसायच्या आत घरी पळाले.

दुसऱ्या दिवशी मंडपात काय थाट होता. कूलर, ड्रोन, कारंजं, आणि त्या कारंज्याच्या पाण्यात खेळणारी सोयऱ्यांची पोरं. मी आत खोलीत नटून बसले होते, पण कान बाहेर. आबांचा आवाज माइकवर आला. आबा त्या दिवशी असे बोलले की तसे ते निवडणुकीतही बोलले नव्हते. मातीचं ऋण, आईचं दूध, वाघाचा बच्चा, आणि मग, "तीन दुश्मन, मंडळी, तीन." टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. मी खिडकीचा पडदा सारून पाहिलं. तालुक्याहून आलेल्या पुढाऱ्यानं दादाच्या खांद्यावर शाल टाकली, हातात तलवार दिली, लोक ओरडले, उपस फौजी, उपस.

दादानं तलवार म्यानातच ठेवली, नीट आडवी करून खुर्चीवर ठेवली. मग आबांच्या कानाशी वाकला. त्याला वाटलं तो फक्त आबांशी बोलतोय. पण आबांच्या हातात माइक होता, आणि आबांच्या हातातला माइक कधी बंद असतो का?

"आबा," सगळ्या मंडपानं ऐकलं, "तिसरा शेतकरी व्हता. त्याच्या हातात इळा व्हता. मला दिसला व्हता. तीन म्हणू नका."

पुढच्या रांगा गप्प झाल्या. मागच्या रांगांना काही कळलं नाही, त्या टाळ्याच वाजवत राहिल्या. डीजेवाल्या पोराला वाटलं भाषण संपलं, त्यानं गाणं लावलं, ते असं दणक्यात की खुर्च्या हलल्या. आबा माइक हातात धरून तसेच उभे होते. मामांनी जाऊन तो हळूच काढून घेतला आणि त्यांना खाली बसवलं. पुढाऱ्याला एकाएकी दुसऱ्या लग्नाला जायचं आठवलं.

पण मुहूर्त कुणासाठी थांबतो? मला बाहेर आणलं, अंतरपाट धरला, मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या. नवऱ्याच्या गळ्यात हार घालताना मी त्याच्या खांद्यावरून दादाला शोधत होते. तो मांडवाच्या शेवटच्या मेढीपाशी उभा होता, शाल काढून हातात धरलेली.

होम पेटला. चुलतभाऊ लाह्यांचं सूप घेऊन आला, नवा फेटा बांधून. गुरुजी म्हणाले, "ताई, ओंजळ करा."

मी मुठी आवळल्या.

"ओंजळ, ओंजळ," गुरुजी पुन्हा म्हणाले. मावशीनं मागून कोपर मारलं. वऱ्हाडात कुजबुज सुरू झाली, की आता नवरीच रुसली. मामा धावत आले, त्यांच्या डोळ्यांत मी मोठ्या मानाचं नवीन प्रकरण दिसत होते. पण मुठी मी सोडल्या नाहीत. शेजारी बसलेला माझा नवरा, ज्याच्याशी मी तोवर एकूण चार वाक्यं बोलले असेन, तो माझ्याकडे न बघता पुटपुटला, "काय झालं?"

"भाऊ पायजे," मी म्हणाले.

त्यानं मान वर केली आणि सरळ हाक मारली, "अहो दादा, या की. हिचे हात दुखतील."

लोक हसले. दादा हसला नाही. पण तो आला. आला आणि माझ्यापुढे उकिडवा बसला. धुरानं माझे डोळे चुरचुरत होते, त्याचेही.

"तुला कळतंय का काय मागतीस?" त्यानं विचारलं.

"कळतंय."

"मी जबानी खरीच देणार हाय."

आदल्या दिवशी मी त्याला 'वाटली म्हण' म्हणून जीव तोडून सांगत होते. आता तो माझ्याकडून तेवढी एकच गोष्ट मागत होता, की मी ते पुन्हा म्हणू नये. मला त्याला घरी ठेवायचं होतं. मला तो माझ्या दिवाळीला, माझ्या बाळंतपणाला, माझ्या पोरांच्या जावळाला हवा होता. हे सगळं त्या ओंजळीत आहे हे मला कळत होतं, आणि लोक मागून म्हणत होते, आवरा, जेवणं खोळंबलीत.

"दे," मी म्हणाले, आणि हात उघडले.

त्यानं सुपातून लाह्या उचलल्या. त्यातल्या निम्म्या माझ्या शालूवर सांडल्या. उरलेल्या माझ्या हातात पडल्या, माझ्या हातातून अग्नीत. एकदम सगळा मंडप 'कान, कान' असा ओरडायला लागला. हलगी सुरू झाली. दादानं माझ्या नवऱ्याचा कान धरला, पण पिळला नाही, नुसता धरला. लोक विचारत होते, काय मागतो फौजी, गाडी का अंगठी? त्या गलक्यात त्यानं वाकून जे मागितलं ते आम्हा दोघांनाच ऐकू आलं.

"उद्या माझ्यावरून हिला कुणी बोललं तर तिला ऐकून घ्यायला लावू नका. मला बोलायला सांगा."

नवरा म्हणाला, "कळलं मला. मंडपात मीबी बसलतो की."

त्याच क्षणी मला तो माणूस पसंत पडला. लग्न आधीच लागलं होतं ही चांगली गोष्ट झाली.

मांडवपरतणीला मी माहेरी आले तेव्हा घरात चूल पेटत होती, पण बोलणं विझलं होतं. आबा ओसरीच्या एका टोकाला, दादा दुसऱ्या टोकाला. आबा मायच्या तोंडून दादाशी बोलत. "त्याला म्हणावं, अंधार व्हता म्हण." माय ते दादाला सांगे, दादा तिच्याच तोंडी उत्तर पाठवी, "अंधार न्हवता म्हणावं." एकदा आबांचा तोल सुटला आणि ते थेट ओरडले, "आरं, लढाईत गेलेला माणूस हिशोब देतो का कुठं? मग कोण जाईल लढाईला?"

दादा शांतपणे म्हणाला, "दोघांचा हिशोब मला कुणी मागितला न्हाई आबा, आन मी बी देत न्हाई. ते बंदूक घेऊन आलते, मीबी बंदूक घेऊन गेलतो. त्यांच्यापायी माझी झोप उडत न्हाई. तिसऱ्याचं तसं न्हाई. त्याला मी लढाईत मारलं, पर तो लढाईत न्हवता."

आबा उठून रानात गेले. ते उन्हातान्हाचे गोठ्यात जाऊन बसत आणि जेवायला हाक मारली तरी येत नसत. माय म्हणाली, वैरणीला कडवळ कापायला जातेत, पर भारा काय आणत न्हाईत. नुसतं बसून ऱ्हातेत.

पुढचं थोडक्यात सांगून टाकते. दादानं जबानी दिली. खटला झाला. नोकरी गेली, आणि काही काळ तो आतही होता. सासरी एक-दोघांनी विषय काढून पाहिला, माझ्या नवऱ्यानं त्यांना दादाचा फोन नंबर दिला, त्यालाच विचारा म्हणून. कुणी केला नाही. आज दादा आमच्याच रानात ऊस लावतो, आणि त्याचं लग्न सगळं ऐकून घेतलेल्या एका बाईशी झालं, जी आबांपेक्षाही जास्त बोलते. त्या शेतकऱ्याच्या विधवेला काय भरपाई मिळाली, मिळाली का, हे तो विचारत राहतो. अजून त्याला पूर्ण उत्तर आलेलं नाही.

पण मला आठवते ती, तो जबानीसाठी परत निघाला ती सकाळ. आम्ही फाट्यावर उभे होतो, दादा, माय, माझा नवरा आणि मी. हलगी नाही, जीप नाही. चहाच्या हॉटेलातली माणसं आमच्याकडे बघत होती आणि आम्ही बघितलं की पेपर वाचत होती. आबा घरातून निघताना दिसले नव्हते. दादानं रस्त्याकडे दोनदा वळून बघितलं, आणि मला इतका राग आला की म्हटलं, परत जाऊन ओढतच आणावं म्हाताऱ्याला.

तेवढ्यात ते आले. चालत. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, डोक्यावर टोपी, काखेत कापडी पिशवी. येऊन दादाच्या शेजारी उभे राहिले, तोंड रस्त्याकडे.

"कुठं निघालात?" दादानं विचारलं.

"तुझ्यासंग."

"आबा, तिथं तुमाला आत घेणार न्हाईत."

"भाइर बसंल."

"पर कशाला?"

सगळा जन्म माइकवर गेलेला माणूस, पण ते इतकं हळू बोलले की मला पुढे सरकून ऐकावं लागलं.

"त्यांनी विचारलं, पोराला लांबून इळा कसा काय दिसला, तर सांगाया कुणी पायजे का न्हाई? वळखायला म्या शिकवलाय."

गाडी आली. दादानं आबांच्या काखेतली पिशवी घेतली आणि त्यांना आधी चढू दिलं.